लाल होते म्हणे मोची!

तीस डिसेंबरच्या सकाळी हात्सुएने मोचीचं, म्हणजे चिकट भात कुटून त्याचे गोळे करायचं यंत्र ओट्यावर आणून आदळलं. हळूच ठेवता आलं असतं, पण आज तिला आवाजच करायचा होता. सासूला ऐकू जायला हवं होतं.

ऐकू गेलं. तोमी ब्याण्णव वर्षांची, पण कान शाबूत. अंगावरची गोधडी सारून ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"हे काय आणलंस?"

"मोचीचं यंत्र."

"चार तारखेनंतर करायची असेल ना?"

"नाही. आत्ता."

हात्सुएच्या सासरी, नारुसेंच्या घरात, नव्या वर्षाला चार तारखेपर्यंत मोची करायची नाही. अख्खा गाव मोची कुटतो, आणि हे लोक पहिल्या तारखेला अळकुड्या उकडून खातात. का, तर म्हणे तीनशे वर्षांपूर्वी ऐन मोची कुटताना एक यात्रेकरू दारी आला, आणि घरच्या पुरुषांनी त्याच्या थैलीसाठी त्याचा जीव घेतला. उखळातली मोची लाल झाली. तेव्हापासून कुणी केली की ती लाल होते, आणि घर एक माणूस घेतं. आता बोला! पाप करणारे करून गेले, आणि अळकुड्या गिळायच्या कुणी, तर परघरातून आलेल्या सुनांनी.

हात्सुएने नेम एकदाच मोडला होता, चोवीस वर्षांची असताना. माहेरहून आईने मोचीचे तुकडे पाठवले होते. पहिल्या तारखेला तिने त्यातला एक स्टोव्हवर फुगेपर्यंत भाजला, सोया सॉसमध्ये बुडवला आणि अर्धा आपल्या तीन वर्षांच्या योसुकेला भरवला. फेब्रुवारीत योसुके तापाने गेला. अंत्यविधीला जमलेल्या पन्नास माणसांसमोर तोमी म्हणाली, "हिने पोराला मोची चारली. घराने घेतला त्याला." कुणी चकार शब्द काढला नाही. नवऱ्यानेही नाही. तो आता हयात नाही, पण ते वाक्य घेऊन हात्सुए अडतीस वर्षं रोज सकाळी उठत होती. आणि खरं सांगायचं तर, मनातून तिलाही ते थोडंसं पटलं होतं. तेच तिला सगळ्यात जास्त जाळत होतं.

रात्रभर भिजलेल्या चिकट तांदळातला अर्धा तिने निथळून यंत्रात ओतला, पाणी घातलं आणि वाफेचं बटण दाबलं.

तोमी भिंतीच्या आधाराने सरकत सरकत प्लगपाशी पोचली.

"हात लावून तर बघा," हात्सुए आडवी आली.

"वेड लागलंय का गं तुला? बासष्ट वर्षांची झालीस, आणि आता घराचा नेम मोडतेस?"

"मग कधी मोडू? तुमच्याएवढी झाल्यावर?"

"अगं, मी मरेन!"

"ब्याण्णव वर्षांच्या आहात, सासूबाई. मेलात तर मोचीवर आळ घेऊ नका."

म्हातारीचा प्लगकडे गेलेला हात मागे आला. या घरात तिला असं आजवर कुणी बोललं नव्हतं.

"बसा त्या स्टुलावर आणि डोळ्यांनी बघा," हात्सुए म्हणाली. "लाल झाली, तर माझं पोर मीच मारलं असं मी मानेन. तुमच्या पाया पडेन. पण बघायचं तुम्हीही."

तांदूळ शिजल्याची शिट्टी झाली. हात्सुएने झाकण काढलं आणि कुटायचं बटण दाबलं. तळाचं पातं फिरू लागलं, शितं एकमेकांना चिकटली, त्यांचा गोळा झाला आणि गरगरू लागला. ओटा थरथरत होता. हात्सुएने त्याची कड घट्ट धरली होती. एवढं बोलून गेली खरी, पण झाली लाल तर? दहा मिनिटं दोघींनी भांड्यावरून नजर हलवली नाही.

गोळा गुळगुळीत झाला. हात्सुएने तो पिठी पसरलेल्या पाटावर उपडा केला.

"चष्मा लावा. कशी आहे?"

तोमीने वाकून पाहिलं. "गरम आहे अजून. निवल्यावर होत असेल."

"बरं. थांबू या."

दोघी थांबल्या. मोची निवली. हात्सुएने ती उलटून दाखवली, मधोमध तोडून दाखवली. पांढरी. आतून पांढरी, बाहेरून पांढरी.

"मग योसुके कशाने गेला?"

"तापाने," तोमी पुटपुटली.

"ताप पहिल्याच दिवशी दुपारी चढला होता. मी डॉक्टरांना फोन करायला उठले. 'एवढ्या बर्फात कोण येतंय, उद्या उतरेल,' असं म्हणून मला खाली कुणी बसवलं?"

म्हातारी मांडीवरच्या हातांकडे बघत राहिली. हात्सुएही हटली नाही.

"मी."

"मोठ्याने."

"मी म्हणाले होते! मीच बसवलं तुला!" तोमीचा आवाज फाटला. "तुझ्यावर ढकललं नसतं, तर माझ्यावर आलं असतं गं. सगळे बघत होते माझ्याकडे."

हात्सुएच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, पण 'असू दे' हे शब्द काही तिच्या तोंडून निघाले नाहीत. तिने मोचीचा पहिला गोळा वळला, बशीत घेतला आणि आतल्या देव्हाऱ्यात योसुकेच्या नावाच्या पाटीपुढे ठेवून आली.

"परवा सगळे येतील," ती परत येऊन म्हणाली. "दीर, नणंदा, त्यांची मुलं. बारा जण. तेव्हा चारचौघांत म्हणालात, आता हेही चारचौघांत म्हणायचं. मोची मी वाढेन."

"आणि मी नाही म्हणाले तर?"

"तर मी सांगेन."

तोमी स्टुलावरून उठली नाही. हात्सुएने उरलेला तांदूळ यंत्रात ओतला आणि बटण दाबलं. बारा जणांना पुरायला हवी होती.