पानाआडचा चष्मेवाला

मित्रांनो, मला जवळचं दिसत नाही. अगदी समोर येऊन उभे राहिलात, तर तुमचा चेहरा मला नुसता धुरकट ठिपका वाटेल. यात माझा शिष्टपणा नाही, माझी घडणच तशी आहे. मी कॅमेऱ्याला लावायची एक जुनी टेलिफोटो लेन्स आहे. दूरचं जवळ आणून दाखवणं हे माझं काम, आणि वजन असं की गळ्यात अडकवणाऱ्याची मान दुखलीच पाहिजे.

माझा जन्म एका स्वच्छ कारखान्यात झाला. तिथली माणसं तोंडाला फडकं बांधून काम करायची, कारण आमच्या पोटात धुळीचा कणही गेलेला चालत नाही. काचा घासूनपुसून एकामागे एक बसवल्या गेल्या. मग करड्या केसांच्या एका बाईनं मला उजेडाकडे धरून पाहिलं आणि समाधानानं मान डोलावली. ती माझी पहिली शाबासकी.

मला विकत घेतलं एका तरुण फोटोग्राफरनं. बाजारातल्या एका जिन्याखाली त्याचा चिमुकला स्टुडिओ होता. ओळखपत्रांना लागतात ते फोटो तो काढायचा. "मान सरळ. कान दिसू द्या. हसू नका." दिवसभर हेच. लोकांनी त्याचं नावच 'हसूनका' पाडलं. माणसांना गप्प बसवून कंटाळलेल्या हसूनकाला पक्ष्यांचे फोटो काढायचे होते, पिसन्‌पीस दिसेल असे. त्यासाठी तर मी आले. पण दुकानानं त्याला कधी मोकळं सोडलंच नाही. शाळांमध्ये खेळांच्या स्पर्धा असल्या की तेवढी मी बाहेर पडायची. "केवढी तोफ!" म्हणत मुलं भोवती जमायची आणि मी मनातून फुगायची. पुढं तेही थांबलं. कपाटाच्या तळाशी, जुन्या पडद्यांच्या गठ्ठ्याखाली मी वर्षानुवर्षं पडून राहिले. माझ्या काचेच्या कडेला बुरशी धरली. फार वाईट वाटायचं हो.

फोटो आता फोनवरच निघू लागले आणि स्टुडिओ बंद झाला. हसूनका घरी बसला. एका सकाळी परसातल्या लिंबाच्या झाडावर चष्मेवाला पक्षी येऊन बसला. चिमणीहून लहान, पोपटी-पिवळा, आणि डोळ्याभोवती पांढरं वर्तुळ. हसूनकानं त्याला पाहिलं आणि तडक कपाट गाठलं. दुरुस्तीवाल्यानं मला उघडून साफ केलं. बुरशीचा एक डाग काही गेला नाही, पण नजर शाबूत होती.

"जन्मभर दुसऱ्यांना हवे तसे फोटो काढले," तो बायकोला म्हणाला. "आता एक तरी माझ्या मनासारखा काढणार."

त्यानं चंगच बांधला. आधी तो झाडाखाली जाऊन उभा राहिला, तर मी त्याला धुकं दाखवलं. मागं सरकत सरकत तो स्वयंपाकघराच्या दारात पोचला, तेव्हा कुठं आमचं जमलं. मग पक्षी कॅमेऱ्याच्या आवाजाला बुजायला लागला. यानं दारात चादर टांगली, तिला भोक पाडलं आणि मला त्यातून बाहेर काढलं. गुडघे कुरकुरायचे, पण हा रोज हजर. "इतका वेळ माझ्याकडे कधी पाहिलं नाहीत," काकू म्हणायच्या. काकू म्हणजे त्याची बायको. सगळी गल्ली त्यांना काकूच म्हणायची.

हळूहळू पक्षी सरावला. जोडी जमली, फांदीच्या बेचक्यात वाटीएवढं घरटं झालं, पिल्लंही आली. चोचीत अळी धरलेली आई आणि पुढं उघडलेल्या इवल्या चोची, हाच हसूनकाच्या मनातला फोटो. पण घरट्यावर पानांचा पडदा होता.

इथं त्याचा जुना धंदा आडवा आला. गिऱ्हाइकाचे केस कानांवर आले की तो काय करायचा? चिमटा लावून मागं सारायचा. एका सकाळी त्यानं स्टूल घेतलं आणि घरट्यासमोरच्या डहाळ्या दोऱ्यानं मागं बांधून टाकल्या. चेहरा मोकळा झाला म्हणून स्वारी खूश.

आता सगळं लख्ख दिसत होतं. चोची उघडल्या, यानं फोटोंचा सपाटा लावला. ऊन भिंतीवरून चढून घरट्यावर आलं. पिल्लांच्या माना काठावर कलंडू लागल्या. वरच्या तारेवर चोचीत अळी धरून आई येरझाऱ्या घालत होती. कुंपणावर एक कावळा येऊन बसला. मित्रांनो, मला हे सारं दिसत होतं, पण लेन्सला कुठं तोंड असतं? माझा जीव नुसता तळमळत होता.

तेवढ्यात काकू बादली घेऊन आल्या आणि कॅमेऱ्यामागच्या छोट्या स्क्रीनमध्ये डोकावल्या.

"अहो, ही भुकेली नाहीत. धापा टाकतायत. ऊन लागतंय त्यांना."

"आई येऊ दे. एकच फोटो."

"कशी येईल? तिचं घर तुम्ही उघडं टाकलंय."

त्याच क्षणी आई तारेवरून खालच्या डहाळीवर उतरली. आणखी एक उडी, की जन्माचा फोटो. कावळ्यानंही मान पुढं काढली. हसूनकाचं बोट बटणावर होतं.

तो उठला. आई उडून गेली. गुडघे विसरून तो धावला, कावळ्याला हाकललं, दोरा सोडला. पानं घरट्यावर परत आली. मग चादरीमागं येऊन बसला. चेहरा पांढराफटक. "परत नाही आली तर?" एवढंच तो बोलला. काकू बादली खाली ठेवून शेजारी बसल्या.

खूप वेळानं एक पान हललं. आतून चिवचिव उठली आणि दोघांच्या जिवात जीव आला. तेव्हा त्यानं बटण दाबलं, एकदाच.

पिल्लं मोठी होऊन उडाली. हसूनका रोज सकाळी मला बाहेर काढतो. पानाला हात न लावता मनातला फोटो मिळवायचाच, यावर आम्ही दोघं ठाम आहोत. तुमच्याही हाती कधी कॅमेरा आला, तर लेन्स कोरडी ठेवा आणि पानं जागच्या जागी राहू द्या.

त्या दिवसाचा फोटो त्यानं चौकटीत बसवून भिंतीवर लावलाय. त्यात हिरवी पानं आहेत आणि एका फटीतून डोकावणारं शेपटीचं टोक. परवा शेजारची मुलगी त्या फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली.

"यात पक्षी कुठाय?" तिनं विचारलं.

"घरात आहे," हसूनका म्हणाला. "आपण बाहेरच थांबायचं."