मशिनांची मागची बाजू

करावे गावात देवजींच्या घराच्या तळमजल्यावर एक लांबट खोली होती. पूर्वी तिथे जाळी, वल्ही आणि बर्फाच्या पेट्या असायच्या. आता तिथे चौदा कॉम्प्युटर होते. देवजींच्या मुलाने, रूपेशने, ते बेलापूरच्या एका बंद पडलेल्या ऑफिसातून स्वस्तात उचलले होते. एकालाही स्क्रीन नव्हता. लोखंडी मांडणीवर दोन रांगांत ते तोंडं पुढे करून बसलेले असत आणि मागून केबलींनी एकमेकांना जोडलेले असत.

त्यांचं काम चित्रं काढण्याचं. अ‍ॅनिमेशनच्या एका सेकंदाला पंचवीस चित्रं लागतात आणि प्रत्येक चित्रातला उजेड, सावली, पाण्यावरची चमक गणिताने काढावी लागते. एकट्या कॉम्प्युटरला ते दिलं तर महिने जातील. म्हणून स्टुडिओवाले असं काम बाहेर पाठवतात. इथला मुख्य कॉम्प्युटर वाटणी करायचा: हे चित्र तू काढ, पुढचं तू. ज्याचं झालं त्याला नवं मिळे. ज्याला जमलं नाही त्याच्याकडचं काढून दुसऱ्याला दिलं जाई. कोणी कोणासाठी थांबत नसे.

ही वाटणी रूपेशच्या बायकोची, स्नेहलची होती. ती एमएस्सी फिजिक्स, माहेर पनवेलचं. लग्नानंतर दोघांनी कामं आपसूक वाटून घेतली. पुढची बाजू तिची, म्हणजे कामांची रांग, वेळापत्रक, स्टुडिओशी बोलणं. मागची बाजू रूपेशची, म्हणजे केबली, पंखे, धूळ, सोल्डरिंग.

गेल्या वर्षी गणपतींनंतर रूपेशला डेंग्यू झाला आणि आठवड्याच्या आत तो गेला. तेव्हापासून स्नेहल वरच्या मजल्यावर लॅपटॉपसमोर बसून सगळं चालवत होती. खाली जावंच लागलं तर दारातून हात घालून बटण दाबायची आणि परत यायची. ती रडली नव्हती. लोकांना ते खटकलं होतं, हे तिला ठाऊक होतं. ती जेवायची, झोपायची, कामं वेळेवर द्यायची. आपल्या आत काय चाललंय याचा तिने कधी शोध घेतला, तर तिथे आकडे सोडून काही सापडत नसे.

वर्षश्राद्ध झालं आणि देवजींनी विषय काढला.

"एक मेडिकलवाला दुकानाला ही खालची खोली बघतोय, भाड्यानं," ते म्हणाले. "चांगला मानूस हाय. तुझी कामं येतात कवा, येत नाय कवा. लाईटबिल मात्र दर महिन्याला येतं."

"भावेशचं मोठं काम आलंय, बाबा."

"मग ते नीट जाऊ दे. गेलं तर बघू. नाय गेलं तर त्याला हो बोलतो. तुला चालंल ना?"

"चालेल," स्नेहल म्हणाली. वर आल्यावर तिच्या लक्षात आलं की आपल्याला ते चालणार नाही. का, ते तिला सांगता आलं नसतं. एवढंच कळत होतं, की मशिनं बंद झाली तर सकाळी उठून करायचं असं काही उरणार नाही.

भावेशचा स्टुडिओ महापेला. काम एका बिल्डरच्या फिल्मचं: उंच टॉवर, गच्चीवर पोहण्याचा तलाव, त्यात उतरणारी मुलं. पाणी काढायला सगळ्यात वेळ लागतो. शुक्रवारी दुपारपर्यंत द्यायचं होतं आणि सोमवारपासून चित्रं गळायला लागली.

सुरुवातीला खालच्या रांगेतली दोन मशिनं मध्येच बंद पडली. त्यांची चित्रं दुसऱ्यांकडे गेली, तर तीही मंदावली. स्नेहलने पद्धतशीर तपासायला घेतलं. सॉफ्टवेअर पुन्हा बसवलं. ग्राफिक्सचा ड्रायव्हर जुना करून पाहिला. वायरमनला बोलावून विजेचा दाब मोजून घेतला. दाराजवळचा नेटवर्कचा स्विच बदलला. प्रत्येक गोष्टीनंतर तिला वाटे, सुटलं. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच.

बुधवारी भावेशचा माणूस, अंकुर, तोवर झालेल्या चित्रांची डिस्क न्यायला आला. पावसाने भिजला होता. यंदा दसरा झाला तरी पाऊस हटत नव्हता. त्याने डिस्क नाकाशी नेली आणि हसला.

"मॅडम, भावेशभाई जैन आहेत हं. ही डिस्क उघडली तर प्रायश्चित्त घ्यावं लागेल त्यांना."

"म्हणजे?"

"काही नाही, मस्करी केली. पन कडक वास आहे."

करावे गाव म्हटलं की लोक मासळीच्या वासावरून असं बोलतातच. स्नेहलने ते मनावर घेतलं नाही.

गुरुवारी भावेशचा फोन आला. "स्नेहलजी, तलावाचा शॉट कुठाय? बिल्डर शनिवारी लोकांना दाखवणार आहे. टेन्शन नका देऊ यार. जमत नसेल तर आत्ता सांगा, मी दुसरीकडे पाठवतो."

"उद्या देते."

"नक्की?"

"देते."

फोन ठेवून तिने चौदाही मशिनांची आठवडाभराची तापमानं काढून एकाच आलेखावर मांडली. हे तिने पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. चौदाही रेषा एकत्र चढत होत्या, सकाळी दहानंतर, आणि दिवेलागणीला एकत्र उतरत होत्या. कॉम्प्युटर तापला की स्वतःला वाचवायला हळू होतो, आणखी तापला की बंद पडतो. पण काम तर रात्रंदिवस सारखंच होतं. दोष मशिनांत नव्हता. दिवसाच्या वेळी खोलीचं काहीतरी बदलत होतं आणि ते काय, हे लॅपटॉपवर दिसण्यासारखं नव्हतं.

ती जिना उतरली. दारात नेहमीच्या जागी थांबली. मग आत गेली आणि मांडणीला वळसा घालून मागच्या बोळात शिरली.

मांडणी आणि भिंत यांच्या मधल्या जागेत या टोकापासून त्या टोकापर्यंत निळी नायलॉनची जाळी बांधलेली होती, एकाखाली एक, तीन थर. त्यांच्यावर सोललेली कोळंबी पसरली होती, ओली, गुलाबी, हळद लावलेली. चौदा मशिनांच्या पंख्यांची गरम हवा तिच्यावर आदळत होती आणि पुढे जायला वाट नव्हती, कारण मागचं दार लावून घेतलेलं होतं. दाराशी पाटावर तिच्या सासूबाई बसल्या होत्या, शेवंताबाई, आणि एकेक कोळंबी उलटवत होत्या.

"आलीस?" त्या म्हणाल्या. "बघ, सुकत आलंत. उन्हाची गरज नाय."

"आई, हे काय आहे?"

"सोडे. दिसत नाय तुला? पावसानं या वर्षी एक दिस सुकवू दिलं नाय. बाजारात सोड्यांना सोन्याचा भाव हाय."

"पण इथे?"

"रूपेशच बोलला व्हता. आई, ह्या मशीनी किती तापतात बघ, पापड भाजशील, सोडे सुकवशील. हसत व्हता." त्यांनी एक कोळंबी उचलून बोटांत दाबून पाहिली. "मी बोलली, बघू. आता सोमवारपासनं बघितला."

"आणि दार का लावलंत?"

"मांजरी येतात गो. त्या पडवीच्या ग्रिलमधून आख्खी मांजर जाते. रात्री जाळी काढली की मग उघडते."

म्हणजे दहा ते दिवेलागण. स्नेहल बोळाच्या तोंडाशी उभी राहिली. इतक्या ओल्या कोळंबीचा वास घरभर भरला असणार, जिन्यातून वर गेला असणार, तिच्या कपड्यांना लागला असणार. अंकुरला आला होता. वायरमनने नाकाला रुमाल लावला होता, तो तिला आता आठवला. चार दिवस ती ड्रायव्हर बदलत बसली आणि दारातून आत आलेल्या कुणाही माणसाला पहिल्या क्षणी जे कळलं असतं, ते तिला आलेख काढून कळलं. तिने मुद्दाम खोल श्वास घेतला. हवा गरम होती. त्यापलीकडे कसलाच वास नाही.

"आई, यामुळे मशिनं बंद पडतायत," ती म्हणाली. "उद्या काम गेलं नाही तर बाबा खोली देतील."

शेवंताबाईंचा हात थांबला. "कुनी बोलला नाय मना."

"मीही तुम्हाला विचारलं नाही."

"तू कशाला इचारशील? तू खाली येतेस कवा?" आवाजात राग नव्हता, पण धार होती. "हितं झाडू कोन मारतं वाटतं तुला? वरीस झाला. त्या पंख्यांच्या जाळ्या कोन पुसतं? दर शनिवारी पुसते मी. तो पुसायचा म्हनून."

स्नेहलने मशिनांच्या पाठी पाहिल्या. एकीवरही धूळ नव्हती. वर्षभर कुणी साफ केलं नाही तर ही मशिनं चालायला नकोत, असा विचार तिच्या मनात एकदाही आला नव्हता.

तिने कामाचं सांगितलं. जाळी बोळात नको. मागच्या पडवीत, दाराच्या अगदी समोर बांधू, वर पत्रा आहे, पाऊस लागत नाही. दार सताड उघडं ठेवू. चौदाही मशिनांची हवा त्या एका दारातून बाहेर जाईल आणि थेट सोड्यांवर पडेल. आत्तापेक्षा लवकर सुकतील, कारण ओल बाहेर निघून जाईल.

"आनि मांजरी?"

मांजरींचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. ते देवजींकडे होतं. शेवंताबाईंनी त्यांना हाक मारली आणि कशासाठी ते न सांगता म्हणाल्या, पडवीला चारी बाजूंनी बारीक आसाची, म्हणजे लहान भोकांची, जाळी मारून द्या. देवजींनी दोघींकडे संशयाने पाहिलं, पण जाळी मारायला त्यांना दोनदा सांगावं लागत नाही. तासाभरात त्यांनी पडवी शिवून काढली. तोवर स्नेहल आणि शेवंताबाईंनी सोडे बाहेर नेले.

रेषा खाली उतरल्या. चौदाही मशिनांनी पुन्हा चित्रं घेतली. शुक्रवारी दुपारपर्यंत तलावाचा शॉट पूर्ण व्हायला हवा होता, पण चार दिवसांचं नुकसान भरून निघालं नाही. शेवटची चित्रं संध्याकाळी आली. स्नेहलने ती पाठवली.

"उशीर झालाय," भावेश फोनवर म्हणाला. "पाणी मस्त आलंय, ते सोडा. पण उशीर झालाय."

"हो."

"पुढच्या कामाचं बघू. फोन करतो."

तो करेल की नाही, हे त्याच्या आवाजावरून ठरवता येत नव्हतं. स्नेहलने जेवताना जसं घडलं तसं देवजींना सांगितलं. काम गेलं, पण वेळेवर गेलं नाही.

"मग बोलायचं काय राहिलं?" देवजी म्हणाले.

शनिवारी मेडिकलवाला आला. टेप घेऊन आला होता. तो खोलीच्या दाराशी पोचला, तर उंबऱ्यावर शेवंताबाई मांडी घालून कोळंबी सोलत बसलेल्या. बाजूला भरलेली पाटी, पुढे सालांचा ढीग. त्याला आत जायला जागा नव्हती.

"काकी, जरा..."

"खोली द्यायाची नाय," शेवंताबाई मान वर न करता म्हणाल्या.

देवजी मागून आले. "तू मधी पडू नको. बोलनं झालंय त्याच्याशी."

"कुनाशी? माझ्याशी झालाय?"

"मशीनींचं काय जमत नाय. पोरीनं सोता सांगलं."

"मशीनींचं जमल नाय तर नाय जमल. माझे सोडे कुठं सुकवू? तुमच्या डोक्यावर?"

मेडिकलवाला हसला आणि मग कुणीच हसत नाही हे पाहून थांबला. देवजी पडवीच्या दिशेने बघत राहिले. दोनच दिवसांपूर्वी त्यांनी स्वतः बांधलेली जाळी तिथून दिसत होती, चारी कोपरे ताणलेले, एक टाका ढिला नाही.

"पाऊस जाऊ दे," शेवटी ते त्याला म्हणाले. "दिवाळीनंतर बघू."

"दिवाळीनंतर नक्की?"

"बघू बोललो ना."

तो टेप न उघडता गेला. देवजी बायकोकडे न बघता बाजाराच्या बाजूला निघाले.

स्नेहल हे सगळं जिन्यात उभी राहून ऐकत होती. आपल्याला आनंद व्हायला हवा, निदान हायसं वाटायला हवं, हे तिला समजत होतं. दिवाळीपर्यंत मुदत मिळाली होती. काम एकही हातात नव्हतं. तिने मोबाईल काढला आणि भावेशच्या फोनची वाट न बघता ऐरोलीच्या एका स्टुडिओला निरोप लिहिला: चौदा मशिनं मोकळी आहेत, आजपासून घेऊ शकतो.

"वर नको जाऊ," शेवंताबाईंनी पाटी उचलून तिच्याकडे सरकवली. "हे पसर. एकावर एक टाकू नको, कुजतात."

स्नेहल पाटी घेऊन बोळातून मागे गेली. मोकळी मशिनं नुसतीच गुणगुणत होती आणि त्यांची हवा कोमट होती. आज सोडे सुकायचे तर त्यांना काम द्यायला हवं होतं. तिने पाटी खाली ठेवली, मोबाईलवरूनच मुख्य कॉम्प्युटर गाठला आणि तलावाचा शॉट, जो कुणालाही नको होता, पहिल्या चित्रापासून पुन्हा लावून दिला. पंखे चढले. मग ती पडवीत आली आणि एकेक कोळंबी सुटी करून पसरू लागली.