रूल्फच्या खिडकीचे पडदे

त्या वर्षी बटाटे काढायला उशीर झाला. पावसानं रान इतकं भिजलं होतं, की पाय उचलला तर बूट मातीतच राहायचा. मी आणि बेरेंट यंत्रामागं उभे राहून ढेकळं निवडत होतो. बेरेंट माझा शेजारी. तोंडानं तिखट, हातानं चिकट. माझं यंत्र जुनं आणि त्याचा वेळ फुकट, हे त्यानं सकाळपासून अनेकदा ऐकवलं होतं.

तेवढ्यात ग्रीत्येमावशी लाकडी बूट ओढत बांधावरून आली. मावशी रानात आली म्हणजे कुणीतरी गेलं, एवढं आम्हांला कळतं.

"हार्म, यंत्र बंद कर. रूल्फ गेला."

"कुठं गेला?" बेरेंट म्हणाला.

"कुठं जात्यात मान्सं? पडदे ओढल्यात त्याच्या घराचे. सकाळपास्नं."

आमच्या ड्रेंट भागातल्या गावांत दिवसा पडदे ओढत नाहीत. घरात लपवण्यासारखं काही नाही, हे रस्त्याला दाखवत राहायचं. भरदिवसा पडदा बंद म्हणजे आत मढं. मग त्या घरचा पहिला शेजारी पुढं होतो, घरोघर सांगतो, बाकीचे खांदा द्यायला येतात. कोण कुणाचा पहिला शेजारी, हे आमच्या आज्यापणज्यांनी ठरवून ठेवलंय. रूल्फची पहिली शेजारीण ग्रीत्येमावशी.

"फेन्ना असंल," मी म्हणालो. फेन्ना रूल्फची बायको.

"ती सायकलवरनं कामाला गेली, मी बघितलं. म्हंजे त्योच."

"दार वाजवलंस?"

"वाजवलं की. जित्ता मानूस दार उघाडतो. फेन्नाला निरोप धाडलाय. किल्ली हाय माज्याकडं, पर एकटीनं मढं बघू न्हाई. चला."

आम्ही हात धुतले, काळे कोट चढवले. माझ्या बायकोनं मढ्याच्या घरी न्यायचा लोण्याचा केक दिला. वाटेनं बेरेंट सुस्कारे सोडत होता.

"लई मोठ्या मनाचा गडी. देवमानूस."

"काल तू त्याला उधळ्या म्हनलास."

"काल त्यो जित्ता हुता."

जित्त्याला शिव्या अन् मेल्याला ओव्या, हीही आमची रीतच.

आम्ही मागच्या दारानं आत शिरलो. पुढचं दार आमच्याकडं फक्त नवरीसाठी आणि मढ्यासाठी उघडतं. आत काळोख. खिडकीखाली जमिनीवर पाठ टेकून रूल्फ बसला होता, आणि चीजचा पाव खात होता.

मावशी कंबरेवर हात ठेवून त्याच्याकडं बघत राहिली. "मेला न्हाईस?"

"अजून न्हाई, मावशी. हळू बोला."

"मग पडदे कशापायी ओढलेस, मुडद्या?"

एवढ्यात पुढच्या दाराची घंटी वाजली. रूल्फच्या हातातला पाव गळून पडला. त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

"जप्तीवाला हाय," तो कुजबुजला.

अंथरूण बघून पाय पसरावेत म्हणतात; रूल्फनं अंथरूणच उसनं आणलं होतं. आधी नवं स्वयंपाकघर, मग दारातली ती पांढरी कॅराव्हॅन, मोटारीमागं ओढायचं चाकांवरचं घर. एक हप्ता भागवायला दुसरं कर्ज, दुसरं भागवायला तिसरं.

"फेन्नाला ठाव हाय?" मी विचारलं.

"न्हाई. तिला कळाय नगं, येवढंच बघतोय. घंटी वाजली की खिडकीखाली लपतो, हार्म. कारखान्यात कुनी हाक मारली तरी दचकतो. झोप तर कुठल्या कुठं गेलीया."

मागचं दार धाडकन उघडलं. फेन्ना. चेहरा रडून सुजलेला. तिनं रूल्फला पाहिलं, त्याच्या गळ्यात पडली, मग एक सणसणीत कानाखाली ठेवून दिली. आणि गालाला हात लावून, जमिनीकडं बघत, रूल्फनं सगळं सांगून टाकलं. आम्ही कोट घालून उभे. जावं की थांबावं कळेना. बेरेंटनं केक कापायला घेतला.

फेन्नानं जमिनीवरचा पाव उचलून टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "कॅराव्हॅन पायजे म्हनून मीच मागं लागले हुते. अन् काळजीनं मरत तू एकलाच हुतास व्हय?"

घंटी पुन्हा वाजली.

"पयली शेजारीन मी," मावशी म्हणाली. "पडदे मीच उघडनार." तिनं पडदे सरकवले, खिडकीही उघडली.

बाहेरच्या माणसानं आत पाहिलं. काळे कोट. केक. रडून लाल झालेली बाई. रूल्फ अजून खिडकीखालीच होता, तो काही त्याला दिसला नाही. त्यानं टोपी काढली.

"माफ करा," तो म्हणाला. "मला कल्पना नव्हती. आज तुम्हांला त्रास देत नाही." आणि तो गाडीकडं वळला.

बेरेंट खाली वाकला. "गप पडून ऱ्हा, गाढवा. मेल्याकडं कोन मागत न्हाई."

रूल्फनं फेन्नाकडं पाहिलं. ती त्याच्याकडंच बघत होती. तो गुडघ्यावर हात टेकून उठला.

"ओ साहेब! थांबा. त्यो मीच. मेलेलो न्हाई."

त्या माणसाला मावशीनं मागच्या दारानं आत घेतलं आणि कॉफी दिली. कॅराव्हॅन जाणार, घर राहणार, बाकीचं थोडंथोडं फेडायचं, असं ठरलं. त्यानं केकही खाल्ला. "जित्त्यासाठी केक द्यायची रीत न्हाई," असं बेरेंट परत येताना कुरकुरला, दोन तुकडे खाऊन.

दुपारी मी रानाकडं निघालो तेव्हा रूल्फ उघड्या पडद्यांच्या खिडकीत, खुर्चीवर, तोंड उघडं टाकून घोरत होता. सारं गाव येता-जाता बघत होतं.

कॅराव्हॅन लिलावात निघाली. स्वस्तात मिळतेय म्हणून बेरेंटनं घेतली. हप्त्यानं.

बेरेंटचा पहिला शेजारी मी. रोज सकाळी त्याचे पडदे बघतो; काळा कोट अजून खुंटीलाच आहे.