खुंटीवरची रोटी

माझं गाढव मेलं त्या सकाळी मी रडले नाही, घाबरले. खळ्याच्या कडेला, भुशाच्या ढिगाशी बांधलं होतं, तिथंच आडवं पडलेलं. पोट नुसतं तटतटून फुगलेलं. त्या पोटाकडं बघता बघता मला आठवलं. असलंच पोट मी कालच शेजारी बघून आले होते. रोझियाबिबीच्या नातीचं, अनोराचं.

मूठभर भुसा तळहातावर चोळून बघितला. त्यात बारीक काळं बी. आमच्या उतारावर पावसाच्या भरवशाच्या गव्हात ते खरबरीत पानांचं कडवं तण दरसाल उगवतं. एरवी गहू कापून होतो तेव्हा ते नुसतं फुलावर असतं, कुणी त्याला विचारत नाही. पण यंदा खाली खोऱ्यात गोळीबार सुरू झाला, बाप्ये सगळे डोंगरापलीकडं पळाले आणि कापणीला उरलो आम्ही बायका. जीव मुठीत धरून कापलं, तेही उशिरा. तोवर त्या मेल्या तणानं बी धरलं होतं. विळ्याखाली दोन्ही आलं, खळ्यावर दोन्ही मळलं गेलं. थोडं बी भुशात पडलं, बाकी सगळं गव्हात.

भुसा फेकला आणि तशीच पळत सुटले.

रोझियाबिबीच्या अंगणात तंदूर अजून गरम होता. आत सून सवरी ताज्या रोट्या फडक्यात बांधत होती. अनोरा भिंतीला टेकून बसलेली. हातपाय काड्यांसारखे, पोट तेवढं पुढं. बिबी तिच्या तोंडाशी तुकडा धरून बसली होती.

"खा गं माझे बाय. रोटीला न्हाई म्हनू नये."

"कडू हाय."

"रोटी कडू नसती. तुझं तोंड कडू झालंय."

"बिबी, देऊ नगंस ती रोटी तिला!" मी दारातनंच ओरडले.

बिबीनं मान वर केली. "ओयनिसा, आधी चपला काढ. आन् रोटीम्होरं आवाज खाली ठेव."

"चपला गेल्या खड्ड्यात! माझं गाढव मेलं, भुसा खाऊन. त्याचं पोट बघून ये, मग हिचं बघ."

सवरीच्या हातातलं फडकं गळालं.

"माझी नात गाढव हाय व्हय गं?" बिबी कडाडली. "जंत झाल्यात पोरीला. तुझं गाढव अधाशी, ते मेलं. आन् तू आमच्या पिठाला नावं ठिवायला आलीस?"

"एकट्या तुझ्या पिठाला न्हाई, समद्या गावच्या गव्हाला ठिवते! कडवं बी मिसळलंय त्यात. तुमचं दळून आलंय म्हनून दिसत न्हाई. माझा गहू अजून पोत्यातच हाय, गाढव आजारी म्हनून गिरणीला गेलाच न्हाई. चल, दाण्यात दाखवते."

सवरी खाली बघत पुटपुटली, "बिबी, मलाबी कडूच लागती. पर तुमी म्हनाल, रोटीचा अपमान करती…"

"गप बस!"

तेवढ्यात अनोरानं तोंडातला घास जमिनीवर थुंकला.

आमच्याकडं रोटीचा चुरा सांडला तरी उचलून कपाळाला लावतात. बिबीनं झटकन तो घास उचलला, ओठांना लावला, कपाळाला लावला आणि स्वतःच्या तोंडात टाकला. चावता चावता थांबली. मला वाटलं, आता माझा उद्धार करणार. पण तिचं तोंड एकदम उतरलं.

"कवापासनं हीच चव लागतीया," ती म्हणाली. "मला वाटलं, दिलोवरच्या काळजीनं माझंच तोंड कडू झालंय."

दिलोवर तिचा एकुलता लेक, अनोराचा बाप. तोही पळालेल्यांत होता. निघताना त्यानं घरच्या रोटीचा एक घास दातांनी तोडला आणि उरलेली रोटी बिबीनं फडक्यात बांधून खुंटीला टांगली. ती त्यानंच परत येऊन खायची असते. दुसऱ्या कुणी खाल्ली तर काय होतं, ते आमच्यात कुणी तोंडानं बोलत नाही.

सवरीला रडू फुटलं. "आता पोरीनं खायाचं काय? गाय त्या बंदूकवाल्यांनी नेली, वाळलेली तुती संपली. कालपासनं पाण्यावर हाय ती."

"माझा गहू निवडू," मी म्हणाले. "काळं बी येकूण येक काढू, जात्यावर दळू. सांजपातुर रोटी हुईल."

"तवर टिकंल का वो ती?"

अनोरानं डोळे मिटले होते. हात लावून बघायचीसुद्धा मला भीती वाटली.

बिबी उठली आणि खुंटीकडं गेली.

"बिबी, नगा!" सवरी किंचाळली. "त्यांची हाय ती! त्यांचं काय बरंवाईट झालं तर?"

"कुनाची हाय ते मला ठावं हाय. मीच बांधली." बिबी गाठ सोडायला लागली. "गेल्या सालच्या गव्हाची हाय ही. तवा येळेवर कापला व्हता. त्यानंच."

दातांच्या खुणेची कड तिनं सुरीनं वेगळी कापली आणि फडक्यात गुंडाळून परत खुंटीला बांधली. बाकीची रोटी गरम पाण्यात बुडवली. घास भरवताना ती तोंडानं अल्लाचं नाव घेत होती, आणि मधेच लेकाचं.

अनोरानं जिभेनं चाचपून बघितलं. "कडू न्हाई," म्हणाली आणि खात सुटली. वाटी बोटांनी पुसून घेतली.

"बिबी, आनखी."

आम्ही तिघीही भिंतीवरच्या त्या एवढ्याशा गाठोड्याकडं बघायला लागलो.

"बघता काय तिकडं?" मीच खेकसले. "ऊठ गं सवरी, पोतं उचलू लाग!"

अंगणात चादर अंथरून गहू ओतला आणि तिघी निवडायला बसलो. अनोरा बिबीच्या मांडीवर. बिबीला जवळचं धड दिसत नाही. तरी एकेक दाणा हातभर लांब धरून बघत होती, आणि मधून मधून डोंगराच्या वाटेकडं.