शेवट न वाचलेली कादंबरी

मी एक कादंबरी बोलतेय. वय झालंय आता. शिवण सैल पडलीय, कोपरे दुमडलेत. छापखान्यातून निघाले तेव्हा कोरी करकरीत होते. पुढे दोन घरं फिरून रद्दीच्या दुकानात येऊन पडले आणि तिथून एका शिंप्याच्या बायकोनं मला उचललं.

माझ्या पोटात एका नावाड्याची गोष्ट आहे. त्याला बायकोचा संशय येतो. ती हसली तरी संशय, गप्प बसली तरी संशय. असं करता करता त्याचं भरलं घर रिकामं होतं.

दिवसभर शिवून शिंप्याचे डोळे संध्याकाळी चुरचुरायचे. मग तो मशीनला टेकून बसायचा आणि बायको मला वाचून दाखवायची. "काय मूर्ख माणूस आहे!" तो नावाड्यावर करवादायचा. ती हसायची. फार सुखात होते मी तेव्हा.

मग ती गाण्याच्या क्लासला जाऊ लागली. लहानपणी राहून गेलेली हौस. मास्तर एकटे राहणारे, बोलघेवडे. एकदा ते तिला दारापर्यंत सोडायला आले, काहीतरी बोलले आणि ती खळखळून हसली. शिंप्यानं मशीनवरून ते पाहिलं. बस्स, एवढंच.

त्यानंतर "आज उशीर कसा?", "आरशासमोर एवढा वेळ?" सुरू झालं. वाचन चालूच होतं, पण नावाड्यावर चिडणं मात्र बंद झालं.

एका संध्याकाळी ती वाचत होती. नावाडी भिंतीच्या आडोशानं बायकोच्या मागे मागे चाललाय. शिंपी एकदम म्हणाला, "पुरे. पुढे नको."

"का? डोळे दुखतायत?"

तो मान खाली घालून टेप बोटाला गुंडाळत राहिला. "मीही आलो होतो. तुझ्या मागे."

"माहितीये मला. तुमचा गुडघा दुखतो म्हणून सावकाश चालत होते."

शिंप्याला रडू कोसळलं. मला वाटलं, आता ती त्याचे डोळे पुसेल. ती जागची हलली नाही.

"क्लास सोडला मी," ती म्हणाली. "गाताना वाटायचं, तुम्ही दाराबाहेर उभे आहात. आवाजच फुटेना."

"चुकलं माझं. उद्यापासून परत जा तू."

"जाईन. पण लगेच नाही जमायचं हो."

तिनं मला मिटून ठेवलं.

काही दिवसांनी ती परत क्लासला जाऊ लागली. घरी आली की कुणी न विचारता सगळं सांगायची. कोण आलं होतं, कुठे वेळ लागला. "नको गं सांगूस," तो कळवळून म्हणायचा. तरी सांगायची. हल्ली सांगत नाही. भाजी चिरताना गुणगुणते आणि तो मशीन थांबवून ऐकतो.

मी कपाटावर पडून आहे. त्या पानापुढे मला कुणी उघडलेलं नाही. एका कादंबरीनं असं बोलू नये, पण बसू दे माझ्यावर धूळ. या घरात माझा शेवट कुणी वाचला नाही, तरी माझं काही म्हणणं नाही.