उतारावरची गाडी

भाऊंच्या मुलीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. भर दुपारी, लांबलचक उतारावर, ट्रकच्या केबिनमध्ये सीटमागच्या फळीवर झोपलेला लंबू दचकून जागा झाला. उतारावर इंजिन कसं घुमायला हवं. ते नुसतं पुटपुटत होतं. गाडी न्यूट्रलमध्ये होती आणि वेग वाढत चालला होता.

एका ट्रकवर हे दोघं ड्रायव्हर. एकाने चालवायचं, तेव्हा दुसऱ्याने झोपायचं. कित्येक वर्षांची जोडी. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणाऱ्यांना भाऊ अस्सल शिव्या द्यायचे. आणि आज खुद्द भाऊच!

"भाऊ, गिअर!"

भाऊंनी ब्रेक दाबला. सोडला, पुन्हा दाबला. वेग उतरला तसा गिअर पडला आणि गाडी कडेला उभी राहिली. केबिनभर जळका वास भरला.

"डुलकी लागली का?"

"नाही."

"मग?"

"काही ठरवलं नव्हतं रे. नुसतं वाटलं, जाऊ दे. मग आठवलं, मागे तू झोपलायस."

लंबू फळीवरून खाली उतरला. "घरी काही झालं का? वहिनी, पोरगी..."

"सगळं चांगलंय. तेच तर. दोन्ही बाळं मांडीवर दिली माझ्या. सगळे हसत होते. मला वाटलं, कुणीतरी पोती दिलीत उतरवायला."

"कधीपासून असं?"

"झालं असेल वर्ष. तू चालवतोस, तेव्हा मी फळीवर छताकडे बघत पडतो."

भाऊ गाढ झोपतात असं समजून लंबू इतके दिवस गाणीसुद्धा हळू लावत आला होता. मागे वळून बघायचं त्याला कधी सुचलंच नव्हतं.

"मालकांपर्यंत जाऊ देऊ नकोस," भाऊ म्हणाले. "स्टिअरिंग गेलं तर माझ्याकडे राहतं काय?"

लंबूने भाऊंना बाजूला बसवलं आणि उरलेली सगळी वाट स्वतः गाडी हाकली.

यार्डात मॅनेजरने नेहमीप्रमाणे हाक मारली, "काय लंबू, ट्रिप कशी झाली?"

यावर 'एक नंबर' म्हणायचं, ही पद्धत. लंबूने भाऊंकडे पाहिलं. भाऊ जमिनीकडे बघत होते.

"भाऊंना गाडी देऊ नका, साहेब. डॉक्टरकडे न्यायचंय."

"का, प्यायला लागले की काय?"

"नाही. मन बरं नाही त्यांचं."

"मन? ते कुठे बसवलंय रे गाडीत? गिअरबॉक्सच्या वर की खाली?"

टायरवाले हसले, हमाल हसले. भाऊंनी खिशातून स्वतःजवळची गाडीची दुसरी किल्ली काढून मॅनेजरच्या टेबलावर ठेवली.

"इतकी वर्षं माझ्या भरवशावर झोपलास," ते लंबूला म्हणाले. "आणि आज हे."

ते चालू लागले. लंबू मागोमाग गेला.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि गाडीला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. बाहेरच्या बाकावर वहिनी पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. "थकून येतात, असंच समजत होते हो मी. झोपू दे म्हणून पोरांनाही गप्प करायचे."

भाऊंनी पुन्हा गाडी चालवली नाही. यार्डाच्या गोदामात ते नटबोल्ट, पट्टे काढून देऊ लागले. लंबूशी बोलणं बंद. तो समोर आला की पाठ फिरवायचे. लंबू नव्या जोडीदाराबरोबर जायचा, यायचा. उतार लागला की त्याला फळीवर झोप येत नसे.

असे बरेच महिने गेले. एकदा लंबू गाडी आत घेत असताना भाऊ फाटकाशी आले.

"क्लच बघून घे. रस्त्यापासून ओरडतोय."

"बघतो, भाऊ. आणि तुम्ही कसे?"

"काही दिवस बरे जातात. काही नाही." एवढं बोलून ते गोदामात गेले.

त्यानंतर सहा वर्षांनी, हिवाळ्यात, भाऊ न्यूमोनियाने हॉस्पिटलात वारले. पहाटे गेले. वहिनी उशाशी होत्या. लंबू तेव्हा माल घेऊन वाटेत होता.