अंतरपाटावरचा ओला चाफा

मार्गशीर्षातली वाईची सकाळ. कृष्णेच्या पात्रावर धुक्याचा शुभ्र, संथ, सुस्त पडदा; घाटाच्या पायऱ्यांवर दवाची ओल; आणि डोंगराआडून उतरणारं ऊन कोवळं, केशरी, देखणं, पण कामाला कच्चं. अशा उन्हात पापड वाळत नाहीत, तिथे रंगाचं काय घेऊन बसलात!

त्या उन्हात, मांडवामागच्या परसात, खाटेवर एक अंतरपाट पसरला होता. मांजरपाटाचं पांढरं वस्त्र, आणि त्यावर ॲक्रिलिकमध्ये रंगवलेला हिरवागार, घनपर्ण, भरदार सोनचाफा. परसातल्या खऱ्या चाफ्याला या दिवसांत फूल नसतं. रंगवलेल्या चाफ्याला मात्र आज सकाळी एक फूल आलं होतं.

मृदुलाबाईंनी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली. पातळ थर बोलता बोलता वाळतो, जाड थराला धीर लागतो. वरून कोरडा दिसला तरी आत ओला असतो, हात लावू नका, असं त्या पोरांना सांगून सांगून दमल्या होत्या. आणि त्यांनीच लेकीच्या लग्नाच्या सकाळी, रंगाच्या सुरीनं, फुलाला लोण्यासारखा जाड पिवळा थर दिला. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच.

पानं केव्हाच झाली होती. खोड झालं होतं, सालीवरचे पांढुरके डाग झाले होते. फूल तेवढं राहिलं होतं, राहू दिलं होतं. फूल झालं की काम संपणार, आणि काम संपलं की लेक, अन्विता, सासरी जाणार. म्हणून रोज ब्रश धुऊन ठेवायचा आणि उद्यावर ढकलायचं. उद्या उद्या करता करता आजचा दिवस उजाडला.

बाईंना हे चित्र हवंच होतं. त्यांच्या घरची रीत जुनी: मंगलाष्टकं लागली की मुलीच्या आईनं मांडवात थांबायचं नाही, परसात तुळशीला पाणी घालत राहायचं. लेकीच्या डोक्यावर अक्षता पडताना आईनं पाहायचं नाही. रीत मोडायची छाती बाईंना झाली नाही. पण त्या घटकेला लेकीच्या डोळ्यांसमोर अंतरपाट असतो, आणि अंतरपाटावर आईचा हात असेल, एवढी पळवाट त्यांनी शोधली होती. श्रावणात रोज वेणीत एक चाफा माळून शाळेत जाणाऱ्या पोरीला तो चाफा कळल्यावाचून राहणार नव्हता.

दुपार कलली. ऊन पिवळं झालं, सोनेरी झालं, मग तांबूस होऊन भिंतीवर चढलं. बाई मधूनच येत, फुलावर बोटाचं टोक टेकवत. वरून कोरडं. तेवढ्यानं त्या हरखल्या, आणि पाहुण्यांच्या गर्दीत गेल्या.

गोरज मुहूर्त जवळ आला, आणि शकूवन्सं, त्यांच्या थोरल्या नणंदबाई, हळदकुंकवाचं तबक घेऊन आल्या. तबकात अंतरपाट होता. चौपदरी, चापूनचोपून घातलेली घडी, इस्त्री केल्यासारखी.

"वन्सं, घडी कुणी घातली?"

"मी. मग काय असा फडकवत नेऊ मांडवात? बोट लावून बघितलं हो मी, वाळलाय चांगला."

आतलं ओलं फूल आता घडीत दाबलं गेलं होतं. कापड उलगडताना रंगाची साल निघेल, फूल चिकटेल, फाटेल. लेकीसमोर राहील तो नुसता पिवळा चिखल. त्यांनी घडीकडे हात नेला. तेवढ्यात मांडवातून गुरुजींचा खणखणीत आवाज आला.

"मुलीच्या आईनं तुळशीपाशी जावं!"

शकूवन्सं तबक घेऊन लगबगीनं पुढे गेल्या. बाईंनी तांब्या उचलला.

सांज उतरत होती. धूसर, धूम्रवर्णी, धुळीनं भरलेली सांज. तुळशीच्या मुळाशी पाण्याची धार पडत होती. बारीक, अखंड, अष्टकं संपेपर्यंत पुरवायची धार. एक अष्टक झालं. दुसरं झालं. प्रत्येक 'सावधान'ला अक्षतांची सर पडल्याचा आवाज येई. लेकीला काय दिसत असेल? काही दिसत असेल का? सगळ्या जगात एवढी एकच गोष्ट त्यांना जाणून घ्यायची होती, आणि नेमकी तिच्याकडेच त्यांची पाठ होती. पाणी संपलं. धार थांबली. बाई रिकामा तांब्या तसाच कलता धरून उभ्या राहिल्या.

ताशे वाजले. अंतरपाट बाजूला झाला होता. लग्न लागलं होतं.

मग पाया पडायला अन्विता आली. गळ्यात हार, कपाळाला मुंडावळ्या. वाकली, उठली, आणि उजव्या हाताची तर्जनी आईपुढे धरली. बोटाचं टोक पिवळंधमक होतं.

"आई, चाफे दोन झालेत गं. एक इकडे, आणि घडीत उमटलेला एक तिकडे, फिकट. मला राहवलं नाही, हात लावला. ओला होता."

"जाड थर आहे," बाई म्हणाल्या. आवाज शाळेतला होता. "वाळेल दोन दिवसांत."

"मी दोन दिवसांनी नसेन ना इथे."

आणि तिनं आईला मिठी मारली.

"अगं, बोट! पैठणी!" शकूवन्सं ओरडल्या. "पुसा, पुसा, ओलं आहे तोवर पाण्यानं निघेल!"

तांब्यात पाणी नव्हतं. बाईंनी कुणाकडे मागितलंही नाही.

दिवेलागणीला वरातीची गाडी निघाली. बाई दारात उभ्या होत्या, पैठणीच्या डाळिंबी पदराच्या काठावर बोटभर पिवळा डाग घेऊन. गाडी कृष्णेचा पूल ओलांडून दिसेनाशी झाली, तेव्हा त्यांनी डागावरून अंगठा फिरवला. थर पातळ होता. वाळला होता. आणि ॲक्रिलिक एकदा वाळलं, की मग कुठल्याच पाण्यानं जात नाही.